कंजूस सोयाबीन

जमीन स्वच्छ होती, कोणी झाडून काढावी तशी.

निहारिका पागे उकिडवी बसली आणि लाल फितीच्या प्लॉटमध्ये दोन ओळींच्या मधली काळी माती तिने वाकून पाहिली. सोयाबीनची वाळलेली झाडे तिच्या खांद्याशी खुळखुळत होती. पाने केव्हाच झडली होती. उरल्या होत्या काड्या आणि शेंगा, आणि त्यांतल्या कितीतरी शेंगा तडकून टरफलांना पीळ पडला होता. शेंग तडकते तेव्हा दाणा उडून खाली पडतो. इथे टरफले होती, दाणे नव्हते.

"कबुतरं," सुमीत म्हणाला. सुमीत तिच्या कृषी संशोधन केंद्रावरचा तांत्रिक सहायक, उज्जैनच्या फ्रीगंजात तिच्याच मागच्या गल्लीत राहणारा. "मॅडम, या साइडला कबुतरं फार होऊन राहिलीत."

"आणि ती चपला काढून शेतात शिरतात का?"

तिने बोट दाखवले. मातीत अनवाणी पावलांचे ठसे होते, लहान, बायकांचे. एकही ठसा झाडांच्या ओळीवर पडलेला नव्हता. जे कोणी आले होते ते फार जपून चालले होते. भेगांच्या कडाही कुठे कुठे काडीने उकरलेल्या दिसत होत्या.

सुमीतने पिवळ्या फितीचा प्लॉट पाहिला, निळ्या फितीचा पाहिला, आणि मान हलवली. "सगळीकडे साफ."

आणि ही चाचणी तर पडलेल्या दाण्यांचीच होती.

माळव्यात सोयाबीन पिकले की शेतकऱ्याची झोप उडते. दुपारी ऊन कडक पडते, शेंगा तडकायला लागतात, आणि मजूर सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हवे असतात. मग मिळेल ते मशीन आणायचे, ओले-सुके पाहायचे नाही, निम्मे रानात सांडले तरी बोलायचे नाही. पिकल्यावरही शेंग मिटून धरणारे वाण मिळाले, तर लहान शेतकऱ्याला विळ्याने, घरच्या माणसांत, आपल्या सवडीने कापता येईल. सहा वर्षे निवडत निवडत निहारिकाने असे एक वाण आणले होते. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता, सत्तावीस. कमी खत, फवारणी नाही, वरचे पाणी नाही, अशा शेतीत ते कसे टिकते हे पाहायला यंदा तीन गावांत चाचण्या लावल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी तीन वाणे: सगळे पेरतात ते जुने, एक बाहेरचे, आणि सत्तावीस. प्रत्येकाचे तीन-तीन प्लॉट, कुठले कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. पीक पिकल्यावर मुद्दाम उभे ठेवायचे आणि मग जमिनीवरचे दाणे वेचून तोलायचे. ज्याचे कमी पडले ते वाण पुढे. जुन्याच्या निम्म्याहून कमी दाणे पडले, तरच शिफारस, असा नियम होता.

एका गावची चाचणी ऑगस्टच्या पुरात बुडाली. दुसऱ्या गावात पिवळा मोझॅक रोग आला. उरले हे पिपल्या, उज्जैनहून मक्सीकडे जाताना लागणारे, आणि गोपाळ पाटीदारचे हे शेत. इथले आकडे आले नाहीत तर सत्तावीस नंबर चाचण्यांच्या यादीतून जाणार होता. मागे दुसऱ्या वाणांची रांग होती, आणि एकदा बाहेर पडलेल्याला कोणी पुन्हा आत घेत नसे.

निहारिका उठली. गुडघे झाडले. "गोपाळजींकडे जाऊ."

गोपाळ पाटीदार अंगणात पेरणीयंत्राला वंगण लावत होता. त्याच्या बाकी शेतात आता गहू पडायचा होता. ओसरीवर त्याची आई लसूण सोलत बसली होती. तिला सारे गाव माई म्हणे. निहारिकाने काय झाले ते सांगितले. गोपाळला काही उमगेना, पण माईचा हात थांबला नाही.

"फसल को किसी ने हाथ नी लगाया," ती म्हणाली. "मैं खुद मेड़ पे बैठी थी." तिने मानेनेच बांधाकडे खूण केली.

"पर कोई आया था, माई?" निहारिकाने विचारले.

"सीला वाली आई थीं. तीन जनी."

कापणीनंतर रानात पडलेले दाणे वेचायची ही रीत महाराष्ट्रातही आहे, तिथे त्याला सरवा म्हणतात, इथे सीला, आणि वेचण्याला बीनना. ज्यांना शेत नाही अशा घरच्या बायका टोपली घेऊन येतात. कोणी त्यांना बोलावत नाही आणि कोणी हाकलतही नाही, निदान दिवाळीच्या तोंडावर तरी नाही. आजूबाजूची सगळी शेते कापून झाली होती. या एका तुकड्यात वाळके पीक उभे आणि खाली दाण्यांचा सडा, हे त्या बायका रोज येता-जाता पाहत होत्या.

"मैंने साफ कहा," माई सांगत होती, "पौधे को हाथ लगाया तो टाँग तोड़ दूँगी. मैडम का हुकुम है. नीचे का बीन लो."

"माई, पूछ तो लेती!" गोपाळचा चेहरा उतरला होता. "मैं मंडी में था, फोन तो था मेरे पास."

"क्या पूछती? अनाज धूल में पड़ा है, त्योहार सिर पे है, तीन औरतें दरवज्जे पे खड़ी हैं, और मैं तेरे फोन की बाट देखूँ? बोर्ड पे जो लिखा है वो मैंने मनवाया. पढ़वा लिया था इसकी बहू से."

बोर्डावर खरोखर तेवढेच लिहिले होते: कृपया पौधों को हाथ न लगाएँ. वाक्य निहारिकाचे होते. शेंगा खाणारी पोरे, बकऱ्या, हौशे पाहुणे या सगळ्यांचा विचार करून तिने ते लिहिले होते. जमिनीबद्दल लिहायचे तिला सुचलेच नव्हते, कारण तिच्या डोक्यात जमीन हा चाचणीचाच भाग होता. माईच्या डोक्यात तसे असायचे काही कारण नव्हते.

"और झगड़ा न करें," माई म्हणाली, "इसलिए मैंने रंग बाँट दिए. लाल धापू के, पीले कंचन के, नीले गेंदा के. जिसका रंग उसका दाना."

निहारिका आणि सुमीतने एकमेकांकडे पाहिले.

रंग म्हणजे खुंट्यांवरच्या फिती. सप्टेंबरात शेतकरी मेळावा झाला तेव्हा पाहुण्यांना क्रमांक कळत नाहीत म्हणून सुमीतने त्या बांधल्या होत्या, वाणागणिक एक रंग. लाल म्हणजे जुने वाण. पिवळे बाहेरचे. निळे म्हणजे सत्तावीस.

"मॅडम," सुमीत हळूच मराठीत म्हणाला, "म्हणजे माल वाणावार वेगळाच आहे."

बायकांना बोलवावे लागले नाही. केंद्राची जीप आली हे कळताच गेंदाबाई आपणहून आली. चाळिशीची, काटक, हातात एक पोटली, आणि फाटकातूनच बोलत.

"मैडम, न्याय करो. माई ने मुझे नीली पट्टी दी. उसमें कुछ था ही नी! धापू के घर जाके देखो, टोकरी भर के बैठी है. मेरे पल्ले ये आया." तिने पोटली वर धरली. चहाची पुडी असावी एवढी.

मागोमाग धापूबाई आणि कंचन आल्या, आणि मॅडमने वजनकाटा काढायला सांगितले हे ऐकून दोघी जागच्या जागी थबकल्या.

"वापस लोगी?" धापूने विचारले.

"नाही," निहारिका मराठीतच बोलून गेली, मग सावरली. "नहीं लूँगी. सिर्फ तौलना है. जिसका है उसी का रहेगा."

"सरकारी काँटा है," कंचन धापूला म्हणाली, "तौल के कम ही करेगा."

तरी दोघी घरून आपापला माल घेऊन आल्या. सुमीतने जीपमधून काटा काढला, ओसरीवर सपाट जागा पाहून मांडला. धापूची टोपली सगळ्यांत जड, कंचनची तिच्या जरा खाली, आणि गेंदाबाईची पोटली इतकी हलकी की सुमीतने काटा बंद तर नाही ना म्हणून पुन्हा पाहिले. जुन्या वाणाच्या दहावा हिस्साही नव्हता.

"देख लिया?" गेंदाबाई म्हणाली. "कंजूस सोयाबीन है ये. मुट्ठी बाँध के बैठा है, दाना छोड़ता ही नी."

निहारिकाने चेहरा सरळ ठेवला. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सहा वर्षांत सत्तावीस नंबरची एवढी स्तुती कोणी केली नव्हती.

"कंजूस सोयाबीन नी, कंजूस तू," धापूबाई म्हणाली. "मेहनत की कंजूस. मेड़ पे बैठ के बीड़ी फूँक री थी आधा दिन. बीनती कब?"

"तेरी जबान में बीड़ी! मैंने एक-एक ढेला पलटा है."

"पलटा होगा सपने में."

"कंचन से पूछो!"

"मुझे मत घसीटो," कंचन म्हणाली. "मेरी पीठ थी तुम दोनों की तरफ. मैं तो बीनने आई थी, पंचायत करने नी."

निहारिका माईकडे वळली. "माई, आप तो वहीं थीं. गेंदाबाई ने ठीक से बीना?"

माईने लसणाची साले पदरातून झटकली. "बेटा, मैं पौधे देख री थी. औरतें नी."

परतीच्या वाटेवर सुमीत खुशीत होता. वजने त्याने फोनमध्ये टिपली होती. "बिलकुल चोख काम झालं, मॅडम. आपण मजूर लावून वेचलं असतं तरी एवढं साफ वेचलं नसतं. त्यांना स्वतःसाठी वेचायचं होतं ना."

"हं."

"तुम्ही खूश नाही?"

"लाल सगळं धापूबाईने वेचलं. निळं सगळं गेंदाबाईने. फरक वाणाचा आहे की बायकांचा, हे तू मला सांग."

"दहापट फरक बीडीने पडतो का?"

"माहीत नाही. तोच तर प्रश्न आहे."

टॉवर चौकात यात्रेकरूंच्या बसेसनी वाट अडवली होती. तिथेच तिला इंदूरहून फोन आला. तिन्ही गावांच्या चाचण्यांचे समन्वयक डॉ. चिन्मय ओक बोलत होते, तिचे जुने शिक्षक, अजूनही एकेरीत बोलणारे. सुमीतने त्यांना वजने आधीच पाठवली होती.

"अगं, काय सुंदर आकडे आहेत! घाल अहवालात."

"सर, ते चाचणीचे आकडे नाहीत. सीला वेचलेला माल आहे."

"वेचलेलंच तोलायचं होतं ना? कोणी वेचलं ते कुठे विचारलंय?"

"एकेका वाणाला एकेक बाई आहे, सर. आणि तिसरीबद्दल वाद आहे की ती बसून होती."

"निहारिका, मी खोटं लिहायला सांगत नाहीये. वजन खरं आहे, प्लॉट खरे आहेत. तू तो रकाना मोकळा ठेवलास तर सत्तावीस गेला, हे तुला कळतंय ना? यादीत मी त्याला ओढून ओढून किती ओढू? सहा वर्षं तुझी आहेत, माझी नाहीत."

"कळतंय, सर."

"मग?"

"मला परवापर्यंत वेळ द्या."

"घे. पण शहाणपणा करू नकोस."

घरी जेवताना तिच्या डोक्यात एकच संख्या होती. दहावा हिस्सा. ती संख्या पुन्हा पुन्हा मनात येत होती, आणि दर वेळी ती थोडी जास्त खरी वाटत होती. हेच तिला आवडले नाही. आकडा उलटा आला असता, गेंदाबाईची पोटली सगळ्यांत जड निघाली असती, तर आपण काय केले असते? एका झटक्यात म्हटले असते, ही काय पद्धत झाली, हे धरायचेच नाही. मग हा आकडा तरी का धरायचा?

भांडी आवरताना तिला माईचे वाक्य आठवले. मैं पौधे देख री थी.

झाडे. झाडांना कोणी हात लावला नव्हता. माईने मेंढरांवर ठेवावी तशी त्या तिघींवर नजर ठेवून एकही शेंग तोडू दिली नव्हती. पडलेला प्रत्येक दाणा गेला होता, पण तो ज्या शेंगेतून पडला तिचे टरफल पीळ पडून तिथेच लटकत होते. दाणे तोलता येणार नव्हते. फुटलेल्या शेंगा मोजता येत होत्या. मोजणीची ही पद्धत नवी नव्हती, पुस्तकात होती. कंटाळवाणी म्हणून कोणी वापरत नसे.

सकाळी ती आणि सुमीत पुन्हा पिपल्याला गेले. या वेळी तिने फिती आधी सोडवल्या आणि सगळ्या खिशात घातल्या, म्हणजे मोजताना रंग डोळ्यांसमोर नको. प्रत्येक प्लॉटच्या आतल्या ओळींतून चिठ्ठी टाकून झाडे निवडायची, एकाने शेंगा सांगायच्या, दुसऱ्याने लिहायच्या. मिटलेली, फुटलेली, फुटलेली, मिटलेली. शेंगांवरची लव बोटांना टोचत होती. दुपारी ऊन चढले तसे आजूबाजूला शेंगा तडकण्याचे बारीक आवाज येऊ लागले आणि सुमीत दर आवाजाला "अरे, थांब ना बाबा" म्हणू लागला. मग त्यांनी ठरवले, फक्त सकाळी मोजायचे. माईने बांधावर चहा पाठवला. काम दुसऱ्या दिवशी संपले.

त्या संध्याकाळी केंद्रावर तिने बेरजा केल्या, मग कुठला प्लॉट कोणत्या वाणाचा ते लावले. सुमीत मागे उभा होता.

सत्तावीस नंबरच्या शेंगा जुन्या वाणापेक्षा कमी फुटल्या होत्या, तिन्ही प्लॉटमध्ये कमी. पण दहावा हिस्सा नव्हता. निम्म्याहून थोडा जास्तच होता.

सुमीतने खुर्ची ओढली आणि बसला. "थोडक्यात हुकलं."

"हो."

"म्हणजे गेंदाबाईने..."

"बरंचसं वेचलंच नाही. दाणे पडले होते."

"मग गेले कुठे? आपल्याला तर जमीन साफ दिसली."

"वरवर साफ होती. भेगांत असतील. लाल प्लॉटमधल्या भेगा उकरलेल्या होत्या. निळ्यातल्या मी पाहिल्या नाहीत."

"उद्या जाऊन उकरू?"

"निळ्यातल्या उकरून काय करणार? लाल आता रिकामे आहेत. तुलना कशाशी करणार?"

तिने अहवाल पुरा केला. पडलेल्या दाण्यांचा रकाना मोकळा ठेवला आणि कारण लिहिले: सूचना अपुरी असल्याने दाणे वेचले गेले. खाली फुटलेल्या शेंगांचे प्रमाण आणि मोजणीची पद्धत. सूचना कोणाची, तेही लिहिले. पाठवताना बोट क्षणभर बटणावर थांबले. सहा वर्षांतली पहिली दोन तिने या वाणाच्या दोनच झाडांवर काढली होती, कुंडीत, केंद्राच्या गच्चीवर. मग तिने बटण दाबले.

बैठकीनंतर चिन्मयसरांचा फोन आला. "शिफारस नाही. पण बाहेरही काढलेलं नाही. मोजणी पाहून एकाने विचारलं, एवढ्या शेंगा मोजल्या कोणी? मी म्हटलं, आहे एक खुळी. एक हंगाम आणखी दिलाय. एकच."

"बरं, सर."

"ती पोटली लिहिली असतीस तर आज पेढे वाटत असतो आपण."

"हो, सर."

"बरं वाटलं का?"

"नाही," ती म्हणाली. ते खरे होते.

पुढच्या आठवड्यात मावठा झाला, रात्रभर रिमझिम. माळव्यात दिवाळीनंतरच्या या पावसाला गहूवाले हात जोडतात. चाचणीचे पीक तोवर कापून झाले होते. चार-पाच दिवसांनी गोपाळचा फोन आला, "मैडम, एक बार आ के देख लो," आणि त्याच्या आवाजात हसू होते.

तुकड्याच्या बांधावर माई उभी होती, आणि धापूबाई, आणि जराशी बाजूला गेंदाबाई. कापलेल्या बुडख्यांच्या मधून भेगांच्या रेषा पावसाने मऊ झाल्या होत्या. लाल प्लॉटमध्ये कुठे एखादे रोप. पिवळ्यात थोडी. आणि निळ्या तिन्ही प्लॉटमध्ये भेगाभेगांतून सोयाबीनची कोवळी रोपे ओळीने वर आली होती, दोन-दोन जाड बीजदले पसरून. खुंट्या काढून टाकल्या होत्या, तरी कुठला प्लॉट कुठे संपतो ते लांबून ओळखू येत होते.

"एक-एक ढेला पलटा था," धापूबाई गेंदाबाईच्या आवाजात म्हणाली.

गेंदाबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही. "लो," ती निहारिकाला म्हणाली, "इत्ता भी कंजूस नी है तुम्हारा सोयाबीन."

"नहीं है," निहारिका म्हणाली.

ती वाकली, एक रोप उपटून तिने मुळाशी पाहिले. दाण्याचे साल अजून एका बीजदलाला चिकटले होते. चांगले तरारलेले रोप होते. चिन्मयसरांनी त्या पोटलीचा आकडा मागितला होता आणि आपणही एक संध्याकाळभर तो देऊ केला होता, मनातल्या मनात. हे तिला त्या रोपाकडे पाहताना आठवले. थंडी वाढली की ही रोपे जगणार नव्हती.

"अगले साल फिर लगाओगी?" माईने विचारले.

"लगाना है. आखिरी बार."

"तो बोर्ड ठीक से लिखना. और एक बात सुन ले, सीला वाली तो फिर आएँगी. मैं मना नी करूँगी."

"मना मत करना." निहारिकाने रोप हातात तसेच धरले होते. "इन्हीं से बिनवाऊँगी. पहले तौल होगी, फिर दाना इनका."

धापूबाईच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. "तो लाल पट्टी मेरी."

"नहीं. तीनों को तीनों रंग. एक-एक टुकड़ा हर रंग का."

"ये क्यों?" गेंदाबाईने विचारले.

"क्योंकि आप बीड़ी पीती हैं," सुमीत म्हणाला, आणि धापूबाई पदर तोंडाला लावून हसत बांधावरच बसली.

"एक पी थी," गेंदाबाई म्हणाली. "एक."

माईने मात्र गंभीरपणे मान हलवली. तिला ही वाटणी पटलेली दिसली. भांडण टाळायला तिने केलेल्या वाटणीपेक्षा ही बरी होती. तिने विचारले, कोणाला कुठला तुकडा, ते कोण ठरवणार. निहारिकाने सांगितले, चिठ्ठी टाकून.

"चिट्ठी मैं डालूँगी," माई म्हणाली.